नाग नदीच्या पाण्यावरचा पालक आणि सिलिकॉनची बाटली

पारडीचा भाजीवाला (प्रश्न)

राजेहो, प्रश्न जरा लांबडा आहे, पण पूर्ण वाचून मग बोला.

पारडीच्या पुढे नाग नदीच्या काठाला आमचं दीड एकर वावर आहे. बाबा होते तेव्हापासून पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर), मुळा आणि हिवाळ्यात फुलकोबी. ओलित नदीवरचं. इंजिन लावलं की पाणी हजर. ते पाणी कसं आहे हे नागपूरच्या माणसाला सांगायला नको. लाव्ह्याच्या टेकड्यांतून निघते तेव्हा नदी असते, शहर ओलांडून आमच्यापर्यंत येते तेव्हा गटार झालेली असते. पण खोटं कशाला बोलू, त्या पाण्यावर पालक असा येतो की युरियाचं पोतं उघडावं लागत नाही. पान तळहाताएवढं आणि काळपट हिरवं.

मागच्या महिन्यात कॉटन मार्केटला एका बाईनं जुडी उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "दादा, हा नाग नदीचा तर नाही ना? त्यात शिसं असते म्हणे." मी म्हटलं, "नाही ना ताई, बोअरचा आहे." जुडी गेली. त्याच रात्री घरी डालभाजी होती, त्याच वाफ्यातल्या पालकाची. पोरगी सहा वर्षांची आहे, तिला डालभाजी फार आवडते, दोनदा मागून घेतली तिनं. मला काही घास जाईना.

दुसऱ्या दिवशी कृषी केंद्रात गेलो. तो म्हणाला सिलिकॉन मारा, जड धातू मुळातच अडकतात, पानापर्यंत येतच नाहीत. आमच्या पालकाची नवी पानं जरा पिवळी पडत होती, तर तेही धातूमुळंच म्हणाला. बाटली घेतली, एक लिटरची, पोटॅशियम सिलिकेट लिहिलेली. पंधरा लिटरच्या पंपात टाकली मापानं, आणि घरी कॅल्शियम नायट्रेट उरलं होतं तेही टाकून दिलं. म्हटलं एका फेरीत दोन कामं. दोन ओळी झाल्या नाहीत तर नोझल बंद. खोलून पाहिलं तर आत फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या. टाचणीनं कोरलं, पुन्हा चार पावलांवर बंद. शेवटी टाकी उपडी केली, तर बुडाला बोटभर पांढरा साका. कृषी केंद्रवाला म्हणतो, "तुमचं पाणीच खराब."

आता मला एवढंच सांगा. या सिलिकॉननं पालकातला धातू खरंच कमी होतो का? आणि दुसरं, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेत सिलिका भरपूर असते असं एक जण म्हणाला, बाटलीपेक्षा स्वस्त पडेल. ती वावरात टाकली तर?

मौद्याचा धानकरी

भाऊ, मी धानाले सिलिकॉन तीन वर्सांपासून देऊन राह्यलो. पान असं ताठ होते का हात फिरवला तर करवतीवानी लागते. मांगच्या साली वारा-पाणी आलं, बाजूच्याचा धान लोळला, माहा उभा होता. खोडकिडाबी कमी वाटला. धातू-गितू मले समजत नाही, पण वस्तू खोटी नाही. मारा बिनधास्त. फक्त कशात मिसळू नका, एकटंच मारा.

निवृत्त प्रयोगशाळावाला

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत 28 वर्षं काढली. आता घरी बसून नातवाच्या कुंड्यांची माती तपासतो. मोठं उत्तर देतोय, चहा घेऊन बसा.

आधी पंपाचं. त्यात तुमच्या पाण्याचा काही दोष नाही. पोटॅशियम सिलिकेटच्या द्रावणाचा सामू (पीएच) 11 च्या वर असतो, आणि तो तसा चढा असतो म्हणूनच त्यात एवढी सिलिका विरघळून राहते. कॅल्शियम भेटलं की कॅल्शियम सिलिकेटचा पांढरा साका बसतो. आम्ल भेटलं तर जेली होते. म्हणून टाकी व्हिनेगर किंवा लिंबानं धुवायला जाऊ नका. कोमट पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश घ्या. मौदेकर भाऊ म्हणतात ते सोळा आणे खरं, हे एकट्यानं द्यायचं औषध आहे.

दुसरं, पिवळेपणा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसत असेल तर ते लोखंड आहे. लोखंड मातीत नाही असं नव्हे, आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत ते मुळांना मिळत नाही एवढंच. 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडं लिंबूसत्व, संध्याकाळी फवारा, आठवड्यात फरक कळेल. तुमच्या दुकानदारानं एका पिवळ्या पानावर अख्खी बाटली विकली. धातूची गंमत अशी आहे की माणसाला नको इतकं कॅडमियम पानात असलं तरी पालक हिरवागार दिसू शकतो. उलट तुमच्या तळहाताएवढ्या पानाकडे पाहून मला जास्त शंका येते.

आता मूळ प्रश्न. सिलिकॉन खोटं नाही. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजननंतर वजनानं सगळ्यात जास्त तेच, चौथ्या हिश्शाहून अधिक. तुमची काळी माती म्हणजे तरी काय, सिलिकेटच. पण पिकाला तो दगड खाता येत नाही. पाण्यात विरघळलेलं मोनोसिलिसिक आम्ल तेवढं मुळातून जातं. धानाच्या मुळात ते ओढून घेणारी खास वाहक प्रथिनं आहेत, पहिल्याचं जनुक 2006 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. म्हणून धान सुक्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत सिलिका साठवू शकतो, आणि म्हणूनच मौदेकर भाऊंचं पान करवतीसारखं लागतं. काकडी-भोपळ्याचा वेल मध्यम घेतो. टमाटर जवळजवळ घेतच नाही. पालक धानाच्या पंगतीत बसणारा नाही. धानाचा अनुभव पालकाला लावू नका.

धातूवर त्याचं काम दोन ठिकाणी होतं. एक मातीत. सिलिकेट टाकलं की सामू चढतो, धातू मातीला धरून बसतो, मुळाच्या हाती कमी लागतो. कोकणातल्या आंबट जांभ्या मातीत हे चांगलं दिसेल. तुमच्या मातीचा सामू आधीच 8 च्या आसपास असणार, वर चुनखडी. भरल्या पोटी जेवायला बसवल्यासारखं आहे ते. दुसरं काम झाडात. मुळाच्या भिंतींत सिलिका बसते, धातू तिथं अडकतो, वर कमी चढतो, आणि धातूमुळं पेशींत जी जाळपोळ होते ती आवरायला झाडाला बळ येतं. हे होतं, पण त्यासाठी सिलिकॉन मुळाशी गेलं पाहिजे. पानावर मारलेलं बरंचसं पानावरच वाळून बसतं.

आणि मुळ्याचं पाहा! धातू मुळात अडकवला म्हणून पालकात आपण खूश. मुळ्यात आपण काय खातो?

राखेचं स्पष्ट नाही. औष्णिक केंद्राच्या राखेत सिलिका निम्म्याच्या आसपास असते हे खरं, पण ती काचेच्या बारीक गोळ्यांत बंद असते, आणि सोबत आर्सेनिक, क्रोमियम, बोरॉन येतात. धातू काढायला धातू टाकणार का? आधीच नदीनं पुरेसं दिलंय.

पारडीचा भाजीवाला

काकाजी, राखेचा विषय संपला. हिराकस आजच आणतो.

मुळ्याचं वाचून हात थांबला माझा. मुळा आम्ही जास्त लावतो, थंडीत उचल चांगली असते. पण मग पिकाला सिलिकॉननं बरं वाटतं, तर आतला धातूही कमी होत असेलच ना थोडा?

कुंडीतली माती

मी कृषीची विद्यार्थिनी आहे. एम.एस्सी.साठी याच विषयावर वाचन चाललंय, म्हणून मध्ये बोलते. दादा, तुम्ही शेवटी जे विचारलंत तिथंच सगळे फसतात. मीही फसले होते.

शोधनिबंधांत बहुतेक वेळा काय मोजतात? उंची, पानाचा हिरवेपणा, मुळाची लांबी, ताण आवरणारी विकरं (एन्झाइम). सिलिकॉन दिलेली झाडं यात पुष्कळदा सरस ठरतात. झाडाचा त्रास कमी झाला. पण खाणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे, एक किलो पालकात किती मिलिग्रॅम? ते दोन्ही एकत्र चालतीलच असं नाही. कधी धातू खरंच कमी चढतो. कधी झाड फक्त मोठं होतं आणि तेवढाच धातू जास्त पानांत पसरतो, मग किलोमागे आकडा कमी दिसतो. आणि कधी झाड विष पेशींच्या पोकळीत नेऊन कोंडतं, त्याला बरं वाटतं, पण पान आपल्या ताटात आलं की कोंडलेलंही आपल्याच पोटात जातं.

शिवाय हे प्रयोग बरेचदा कुंडीत किंवा नुसत्या पोषणद्रावणात होतात. धातूचं मीठ विरघळवून ताजं ताजं ओततात. तुमच्या वावरात ते दोन पिढ्या मुरलेलं आहे. कुंडीतला टक्का उचलून पारडीच्या वाफ्यावर ठेवता येत नाही.

धानाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मला फार आवडते. पाणी साचलेल्या बांधीत आर्सेनिक ज्या रूपात असतं, ते सिलिकॉनच्याच दारानं मुळात शिरतं. दाराशी सिलिकॉनची गर्दी केली की आर्सेनिकला जागा कमी मिळते. तिथं सिलिकॉन देण्यामागचं कारण स्वच्छ आहे. कॅडमियम आणि शिशाचं दार ते नाही.

मौद्याचा धानकरी

ताई, एवढं आम्हाले कोनी सांगतलं नव्हतं. आमच्याकडं राइस मिलचं तूस जाळलेली राख ढिगानं पडली राह्यते. तीबी वाईट का?

निवृत्त प्रयोगशाळावाला

नाही. ती कोळशाची राख नाही, त्यामुळं तो विषय वेगळा. तुसाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत 85 टक्क्यांच्या वर सिलिका असते. फक्त रंग पाहून घ्या. भट्टीत फार तापून पांढरी-गुलाबी झालेली असेल तर सिलिका स्फटिक होते, विरघळत नाही, आणि तिची धूळ फुफ्फुसाला वाईट. काळी, अर्धवट जळलेली असेल ती मातीत हळूहळू सिलिकॉन सोडते, सोबत थोडा पालाश. टाकताना ओली करून टाका, नाकाला रुमाल बांधा.

पारडीकर भाऊ, माझं म्हणणं असं की बाटली, राख, सगळं बाजूला ठेवून आधी मोजा. वावरात आठ-दहा ठिकाणची 15 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्या. लाकडी खुरपी किंवा प्लॅस्टिकचं घमेलं वापरा, जस्ताचा पत्रा नको, नाहीतर घमेल्यातलं जस्त आम्ही तुमच्या मातीच्या नावावर लिहू. असं झालेलं आहे, एका शेतकऱ्याला जस्त भरपूर आहे म्हणून चिठ्ठी दिली होती मी. त्याचं पीक खैऱ्यानं, म्हणजे जस्ताच्या कमतरतेनं, तांबडं पडलं तेव्हा कळलं.

मातीपेक्षाही पानाची तपासणी महत्त्वाची. कापणीच्या दिवशी, जसा बाजारात नेता तसाच पालक घ्या. निम्मा चांगल्या पाण्यानं धुऊन, निम्मा न धुता. कोऱ्या कागदी पिशवीत द्या. अहवाल आला की आधी विचारा, आकडा ओल्या वजनावर आहे की सुक्या. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा पालेभाजीला ओल्या वजनावर किलोमागे कॅडमियम 0.2 मिलिग्रॅम अशी आहे. पालकात 92 टक्के पाणीच. म्हणजे सुक्या वजनावर कॅडमियम 2.5 आलं तर ओल्यावर ते 0.2, काठावर. लोक 2.5 वाचून छाती बडवतात किंवा 0.2 वाचून निर्धास्त होतात. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेली प्रयोगशाळा बघा, आणि नमुना नेण्याआधी कॅडमियम किती खालपर्यंत मोजता हे फोनवर विचारा.

धुतलेल्या-न धुतलेल्याचा फरक कशाला? शिसं मातीतून पानात फारसं चढत नाही, ते मातीच्या शिंतोड्यातून आणि धुळीतून पानावर बसतं. धुतलं की बरंचसं जातं. कॅडमियम आतून येतं, ते दहा पाण्यांनी धुतलं तरी जात नाही.

पारडीचा भाजीवाला

काकाजी, आता एक सांगतो, हसू नका. जुड्या बांधून झाल्या की आम्ही त्या नदीतच बुडवून काढतो. पान टवटवीत राहते, वजन वाढते. सगळेच करतात.

निवृत्त प्रयोगशाळावाला

हसत नाही. पण मग धातूच्या आधी जंतूंचं बघा. त्या पाण्यात अख्ख्या शहराचा संडास आहे. पालक शिजतो तरी, सांभार तुम्ही कच्चा वरून भुरभुरता. तुमच्या घरी पोहे होतात ना? उद्यापासून जुड्या बोअरच्या पाण्यात धुवायच्या, एवढं एक काम कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त फायद्याचं आहे, आणि फुकट.

कुंडीतली माती

सर, त्यात एक भर. दादांनी मातीचा अहवाल आला की जस्ताचा आकडा बघावा. डीटीपीए पद्धतीनं (पिकाला मिळण्याजोगं जस्त मोजतात ती) 0.6 पीपीएमच्या, म्हणजे किलोमागे 0.6 मिलिग्रॅमच्या, खाली असेल तर एकरी 10 किलो झिंक सल्फेट. जस्त कमी असलं की झाड त्याच्या जागी कॅडमियम उचलतं, दोघं नात्यातले आहेत. पण गटाराच्या पाण्यावरच्या मातीत जस्त बरेचदा भरपूरच असतं, म्हणून आकडा पाहिल्याशिवाय टाकू नका.

आणि पीक बदलता येत असेल तर तेही बघा. पालक कॅडमियम उचलण्यात फार पुढं. चवळी, वाल यांच्या शेंगेत त्यामानानं कमी जातं. दुधी, काकडी मांडवावर गेली तर मातीचे शिंतोडेही लागत नाहीत. नदीला लागून जो सगळ्यात खालचा तुकडा असेल, तिथं झेंडू. दसरा-दिवाळीला सीताबर्डीत काय भाव असतो तुम्हाला मी काय सांगू.

पारडीचा भाजीवाला

ताई, झेंडूचं आई पण म्हणाली होती, मी ऐकलं नव्हतं.

बरं, आठ दिवसांनी लिहितोय. हिराकस मारला, पानं सुधरली, म्हणजे ते लोखंडच होतं. बाटली अर्धी शिल्लक होती. फेकायची जिवावर आली म्हणून असं केलंय: बारा वाफे आखले. चार तसेच सोडले, चारमध्ये बाटलीतलं सिलिकॉन भरपूर पाण्यात पातळ करून मुळाशी दिलं, एकटंच, आणि चारमध्ये मौदेकर भाऊंनी एसटीत ठेवून पाठवलेली काळी राख. वाफे सलग घेतले नाहीत, चिठ्ठ्या टाकून मिसळले, कारण नदीकडचे वाफे वेगळेच आहेत, तिथं पाणी जास्त साचते. पोरीनं चिठ्ठ्या उचलल्या. बी एकाच दिवशी टाकलं, ओलित सगळ्यांना तेच.

मातीचा साधा अहवाल आला. सामू 8.2, चुनखडी भरपूर, काकाजी बोलले तसंच. जस्त कमी नाही. धातूंचा यायचा आहे. पानाचे नमुने पहिल्या कापणीला, महिन्याभरानं. तपासणीचे पैसे ऐकून बायको म्हणाली एवढ्यात पायल आली असती, पण नाही म्हणाली नाही.

जुड्या आता बोअरवर धुतो. बोअर शेजाऱ्याचं आहे, महिन्याला काही द्यावं लागते. वजन जरा कमी भरते आणि मार्केटला पोचायला अर्धा तास उशीर होतो. तीन दिवसांपूर्वी ती बाई पुन्हा आली होती. तिनं विचारलं नाही, मीच म्हटलं, "ताई, नदीकाठचाच आहे, धुतला बोअरवर आहे, तपासायला टाकतोय." तिनं जुडी खाली ठेवली. मग मेथी घेतली.

मेथीही त्याच वावरातली आहे, ते सांगेपर्यंत ती पुढं गेली होती.

मौद्याचा धानकरी

राख पुरली का? अजून लागन तर सांगा, शुक्रवारी पोरगा नागपूरले येऊन राह्यला.

पारडीचा भाजीवाला

पुरली भाऊ. पोराला येऊ द्या, जाताना फुलकोबी देतो. चांगली धुऊन.